ऑक्सिमीटरवर ९८

दहावीच्या विज्ञानातलं एक वाक्य महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी पाठ केलेलं असतं: तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र आहे. एका मार्काचं वाक्य. शेजारी राजम्याच्या दाण्यासारखी आकृती, आत नागमोडी घड्या, भागांना नावे द्या. मी ती आकृती बरी काढायचे. अकरावीला मात्र बायो सोडून बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतलं, कारण इंजिनीअरिंग करायचं ठरलेलंच होतं, आणि तंतुकणिकेचा नि माझा संबंध तिथेच संपला. त्या केंद्रात नेमकं काय जळतं, काय फिरतं, हे ना पेपरात विचारलं गेलं, ना मला कधी विचारावंसं वाटलं. 'ऊर्जाकेंद्र' हा शब्दच असा आहे की तो वाचला की समजल्यासारखं वाटतं आणि आपण पान उलटतो.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तो परत भेटला, माइटोकॉन्ड्रिया या नावाने.

ताईची मुलगी तेव्हा १४ महिन्यांची होती. ताई कराडला असते. पोरगी सोफा धरून उभी राहायला लागली होती, 'मावशी'तला फक्त 'माव' म्हणायची. तिला तीन दिवस ताप आला, कुठल्याही बाळाला येतो तसा. ताप उतरला, पण ती काही पूर्वीसारखी झाली नाही. आधी उभं राहणं गेलं, मग बसणं, मग मान लटकायला लागली. डोळे मधूनच थरथरायचे. श्वासाची लय मोडायची, दोन भरभर, मग एक लांबलेला. कराडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. आयसीयूत तिच्या इवल्याशा पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटरची पट्टी गुंडाळलेली होती आणि पडद्यावर आकडा दिसत होता ९८. करोनानंतर हा आकडा वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही. ९४ खाली गेला की धावपळ, ९८ म्हणजे उत्तम. छाती स्वच्छ होती. हिमोग्लोबिन ठीक होतं. हृदय ठीक होतं. एकच आकडा बिघडलेला होता: रक्तातलं लॅक्टेट ६.८, जे दोनच्या आसपास असायला हवं. मग एमआरआयमध्ये मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना अगदी आरशात पाहिल्यासारखे डाग दिसले. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ली सिंड्रोम. डेनिस ली नावाच्या डॉक्टरांनी १९५१ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं.

मी पेमेंट सिस्टीमवर काम करते. एखाद्याचे पैसे खात्यातून गेले पण दुकानदाराला मिळाले नाहीत, तर कुठल्या टप्प्यावर अडकले हे शोधणं माझं रोजचं काम. त्यामुळे त्या रात्री मला रडण्याआधी हा प्रश्न पडला (स्वभाव, दुसरं काय). हवा फुप्फुसात जाते आहे. ऑक्सिजन रक्तात उतरतो आहे, ९८ टक्के. रक्त पेशींपर्यंत पोचतं आहे. मग अडकलं कुठे?

मराठीत श्वास आणि श्वसन हे दोन वेगळे शब्द आहेत, पण आपण ते एकाच अर्थाने वापरतो. छाती वरखाली होते ती नुसती पोचवणी. खरं श्वसन पेशीच्या आत होतं, आणि ते तिथे होतं म्हणून तर हा सगळा भाता चालवायचा. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८० च्या दशकात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून, वितळलेलं पाणी मोजून दाखवलं होतं की प्राण्याचं श्वसन हे एक प्रकारचं संथ जळणंच आहे. जळणं म्हणणं बरोबर आहे, पण कुणी साखरेच्या पोत्याला काडी लावली तर उष्णता मिळते, काम होत नाही. काम हवं असेल तर बॉयलर लागतो, टर्बाइन लागतं.

इथे आप्पांना आणायला हवं. माझे वडील ३१ वर्षं एका सहकारी साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये होते. उसाचा रस काढून उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्याची वाफ टर्बाइन फिरवते, त्यावर कारखाना चालतो. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये रात्री अकरा वाजता मी त्यांना हे सगळं समजावत बसले. त्यांना समजावता समजावता मलाच समजत गेलं, हे सांगायला हरकत नाही.

ग्लुकोजचे सहा कार्बन. पेशीत आल्या आल्या, तंतुकणिकेच्या बाहेरच, त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. याला ऑक्सिजन लागत नाही, आणि मिळकतही बेताची: एका ग्लुकोजमागे निव्वळ दोन एटीपी. एटीपी म्हणजे पेशीत सगळीकडे चालणारी ऊर्जेची सुटी नाणी. कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीवर यीस्ट एवढंच करतं आणि उरलेल्या तुकड्याचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतं. (हे समजलं तेही गमतीने. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाटून काढलेला रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आपण मुरांब्यात घालतो तशी. तर रसाला बुडबुडे यायला लागले. जिवंत पेशीशिवाय आंबवण होतं, हे त्यातून कळलं. १९०७ चं नोबेल.)

खरी कमाई पुढे, तंतुकणिकेच्या आत. तिथे त्या तुकड्यांचे कार्बन एकेक करून कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. आपण सोडतो तो उच्छ्वास इथे तयार होतो. कुणी दहा किलो चरबी घटवली तर त्यातली ८.४ किलो नाकातोंडावाटे वायू होऊन गेलेली असते, उरलेली पाणी होऊन. जिमला जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे अजून पटत नाही. त्यांच्या मते ती घामातून जाते. या चक्राला क्रेब्स चक्र म्हणतात. हान्स क्रेब्सने ते १९३७ मध्ये लिहून पाठवलं तेव्हा 'नेचर'ने आधीच फार पत्रं पडून आहेत असं सांगून ते परत केलं होतं.

कार्बन गेले, पण त्यांच्याजवळचे जास्तीचे इलेक्ट्रॉन मागे राहिले. ते उचलून न्यायला पेशीत वाहक रेणू असतात. आप्पांना मी म्हटलं, या उसाच्या ट्रॉल्या समजा. फडातून भरून यायचं, गव्हाणीवर रिकामं व्हायचं, परत फडात. गव्हाण म्हणजे तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात बसवलेली यंत्रांची एक ओळ. इलेक्ट्रॉन पहिल्या यंत्रापासून चौथ्यापर्यंत पायरी पायरीने उतरत जातात आणि अगदी शेवटी त्यांना घेतो ऑक्सिजन. त्याचं पाणी होतं. आपण दिवसभर ओढतो त्यातला बहुतेक सगळा ऑक्सिजन या एका जागी, चौथ्या यंत्रावर संपतो. ते यंत्र बंद पाडलं की माणूस भरपूर हवेत गुदमरतो. सायनाइड करतं ते हेच.

"आणि गव्हाण बंद पडली तर?" मी विचारलं.

आप्पा लगेच म्हणाले, "रांग लागती. पार हायवेपर्यंत. मग ड्रायव्हर वैतागतात आणि कडंला ऊस उतरवून मोकळे होतात."

लॅक्टेट म्हणजे तो रस्त्याकडेला उतरवलेला ऊस. वाहक रिकामे झाले नाहीत तर सुरुवातीची ती दोन एटीपीची कमाईसुद्धा थांबेल, म्हणून पेशी त्यांच्यावरचे इलेक्ट्रॉन साखरेच्या अर्धवट तुकड्यांवर लादते आणि त्या तुकड्यांचं लॅक्टेट होतं. धावताना स्नायूंत हे थोडा वेळ सगळ्यांचंच होतं. पोरगी पाळण्यात पडून होती, आणि तिच्या रक्तात ते ६.८ होतं.

टर्बाइनचा भाग आप्पांना सर्वांत आवडला, आणि खरं सांगायचं तर मलाही. इलेक्ट्रॉन पायऱ्या उतरतात तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेतून सरळ एटीपी होत असेल, असं सगळे बरीच वर्षं धरून चालले होते आणि मधला रेणू शोधत होते. तो सापडत नव्हता. १९६१ मध्ये पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडलं की असा रेणू नाहीच. ती यंत्रं म्हणजे पंप आहेत. प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूला उपसून ठेवतात, तिथे दाब साठतो, आणि प्रोटॉन परत खाली येताना एटीपी तयार होतं. म्हणजे कोयना धरण. कराडच्या माणसाला याहून सोपं काय सांगणार?

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पाणी आपणच वर चढवायचं आणि आपणच खाली सोडायचं? ह्यो काय धंदा झाला?"

जवळपास हाच आक्षेप तेव्हाच्या जीवरसायनशास्त्रज्ञांचाही होता. मिचेलला दहा-पंधरा वर्षं फार थोड्यांनी मानलं. तब्येतीमुळे त्याने एडिंबराची नोकरी सोडली, कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनजवळचं ग्लिन हाऊस नावाचं पडझड झालेलं जुनं घर दुरुस्त करून घेतलं आणि जेनिफर मॉयल या सहकारी शास्त्रज्ञेबरोबर तिथेच प्रयोगशाळा थाटली. १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला एकट्याला मिळालं. मला विचाराल तर त्यात मॉयलचं नावही असायला हवं होतं.

आप्पांच्या प्रश्नाला उत्तर आहे. एका पायरीवर सुटणारी ऊर्जा एक एटीपी बनवायला नेमकी पुरेल अशी नसते. कधी कमी पडते, कधी वर उरते. सरळ व्यवहार केला तर चिल्लर वाया जाते. धरणात टाकली की पै पै जमा होते, आणि कुणी किती टाकली हे टर्बाइनला विचारावं लागत नाही. आमच्या पुस्तकात एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी असं छापलेलं होतं. आताचा हिशेब ३० ते ३२ चा आहे, कारण धरण थोडं गळतं आणि माल आतबाहेर करायलाही खर्च येतो. ३८ पेक्षा हा आकडा मला जास्त खरा वाटतो. गळती नसलेली सिस्टीम मी अजून पाहिलेली नाही.

आणि टर्बाइन ही उपमा नव्हे. एटीपी बनवणारं प्रथिन खरोखर गरागरा फिरतं. जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये त्याच्या आसाला चमकणारा एक धागा चिकटवून, सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरताना पाहिला. एका मिलिमीटरात अशी लाखभर यंत्रं ओळीने मावतील. प्राण्यांमध्ये आठ प्रोटॉन आत आले की एक फेरा होतो आणि एका फेऱ्याला तीन एटीपी. पडद्यावरचा दाब १५० मिलिव्होल्टच्या आसपास, पण पडदा इतका पातळ की मीटरचा हिशेब केला तर सुमारे ३ कोटी व्होल्ट. फेरे सेकंदाला शंभराच्या वर.

"मिनिटाला सहा हजार," आप्पांनी मनात हिशेब केला. "आमचं टर्बाइन साधारण तेवढंच की." आणि मग त्यांनी मला जो प्रश्न विचारला तो कुठल्याही विद्यार्थ्याने विचारावा असा होता: "साठवतात कुठं?"

साठवत नाहीत. शरीरात एका वेळी एटीपी असतं शंभर ग्रॅमच्या आगेमागे. दिवसभरात मात्र जवळजवळ आपल्या वजनाइतकं वापरलं जातं. प्रत्येक रेणू शेकडो वेळा रिकामा होतो आणि शेकडो वेळा भरला जातो. हा रेणू १९२९ मध्ये सापडला, जर्मनीत कार्ल लोहमानला आणि त्याच वेळी हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि यल्लाप्रगड सुब्बाराव यांना. सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे. हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४८ मध्ये, ५३ व्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये वारले. माझ्या वर्गातल्या कुणी त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं, मीही नाही.

साठा नाही, म्हणून तर ताप इतका महागात पडला. माझं शाळेतलं निम्मं आयुष्य भारनियमनात गेलं, त्यामुळे हे मला लगेच कळतं. निर्मिती कमी आणि मागणीही कमी, तोवर दिवे मिणमिणत का होईना चालू असतात. मागणी वाढली की सबस्टेशन बसतं. मोठ्या माणसाचा मेंदू वजनाच्या दोन टक्के असून सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो, बाळाचा तर त्याहून जास्त. ताप आला, सगळ्या शरीराची मागणी वाढली, आणि मेंदूच्या सर्वांत खादाड भागातले दिवे गेले. तिथल्या पेशी मेल्या, त्या परत येत नाहीत. तो ९८ चा आकडा खरा होता. कोळसा फाटकापर्यंत पोचत होता.

त्या दिवसांत कॉरिडॉरमध्ये एक तरुण डॉक्टर जाता जाता म्हणाली, "माइटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात ना." वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. पुरुषबीजातल्या तंतुकणिका गर्भात टिकत नाहीत, आईच्याच पुढे जातात. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनएही असतो, कारण अब्जावधी वर्षांपूर्वी त्या स्वतंत्र जिवाणू होत्या. पण ते वाक्य कराडला पोचेपर्यंत त्याचं 'आईकडून आलंय' झालं. ताईच्या सासूबाई वाईट नाहीत. त्यांनी टोमणा मारला नाही, फक्त विचारणाऱ्या प्रत्येकाला तेवढं एक वाक्य सांगितलं. ताईने आमच्या आईला फोन करून विचारलं, "म्हणजे तुझ्याकडून मला, आणि माझ्याकडून तिला?" आईने त्यानंतर कित्येक दिवस रात्रीचं जेवण सोडलं होतं. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मला त्या वाक्याचा राग आला होता, आणि रागाच्या भरात मी आकडे शोधले. तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएमध्ये १६,५६९ अक्षरं असतात, त्यात ३७ जनुकं, आणि त्यांतून जेमतेम १३ प्रथिनं बनतात. तंतुकणिका चालवायला मात्र हजाराहून अधिक प्रथिनं लागतात. बाकी सगळी पेशीच्या मुख्य केंद्रकातून येतात, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून. ली सिंड्रोमला कारणीभूत ठरू शकणारी जनुकं शंभराहून अधिक, आणि त्यांतली बहुतेक केंद्रकातली. म्हणजे रिपोर्ट येईपर्यंत 'आईकडून' हे कुणालाच म्हणता येत नव्हतं.

रिपोर्ट यायला सात आठवडे लागले. तिघांचं रक्त गेलं होतं, पोरीचं, ताईचं, दाजींचं. बिघाड निघाला सर्फ-१ नावाच्या जनुकात, नवव्या गुणसूत्रावर. हे प्रथिन चौथ्या यंत्राची जुळणी करायला मदत करतं. ते स्वतः यंत्रात बसत नाही. कारखान्यात हंगामाआधी फिटर येतात, मिल उभी करतात आणि जातात, तसा हा फिटर. तो नसला की चौथं यंत्र नीट उभंच राहत नाही, आणि ऑक्सिजन दारात ताटकळतो. आजार व्हायला या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. एक प्रत ताईकडून आलेली होती, एक दाजींकडून. एकेक बिघडलेली प्रत घेऊन दोघंही आयुष्यभर धडधाकट होते, कारण दुसरी प्रत काम भागवते.

मी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे चार चौकोन काढून सासूबाईंसमोरच हे समजावलं. प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता. दाजी बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे निम्मं माझं." सासूबाई उठून चहा टाकायला गेल्या. त्यानंतर ते वाक्य त्या घरात मी ऐकलेलं नाही.

आमच्या घरी मात्र वेगळाच हिशेब सुरू झाला. ताईची बिघडलेली प्रत आईकडची की आप्पांकडची? आप्पांना तपासून घ्यायचं होतं. "माझ्याकडची असली तर तुझ्या आईला एकदाचं कळूदे," असं म्हणाले. आईने त्यांना ठाम नाही सांगितलं. कळून काय करणार आहात, एवढाच तिचा मुद्दा, आणि तो मला पटतो. माझी गोष्ट निराळी. ताई वाहक आहे म्हणजे मी असण्याची शक्यता निम्मी, मी २८ वर्षांची आणि घरात स्थळांच्या याद्या येताहेत. मी तपासणी करून घेतली. निकाल इथे लिहीत नाही, कारण स्थळंही वाचत असतात. वाहक असणं हा आजार नाही, जोडीदारही नेमका त्याच जनुकाचा वाहक निघाला तरच प्रश्न येतो, आणि तोही तपासता येतो. पत्रिकेतले ३६ गुण जुळवताना हे कुठल्या घरात सांगायचं आणि कुठल्या घरात नाही, यावर आई आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.

पोरगी आता तीन वर्षांची आहे. या आजारावर औषध नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. थायमिन, रायबोफ्लेविन, को-क्यू-टेन अशी पुडी रोज दिली जाते. त्याने किती फरक पडतो हे तेही छातीठोकपणे सांगत नाहीत. मान थोडी धरते. बसत नाही. आप्पांचा आवाज आला की तिकडे बघते. पुढच्या बाळाचा विचार ताई-दाजी करताहेत की नाही, ते मी विचारलेलं नाही. केलाच, तर अकरा-बारा आठवड्यांत तपासून कळू शकतं, आणि ते कळू शकतं ते त्या सात आठवड्यांच्या रिपोर्टमुळे.

ताईच्या फ्रिजवर मी टाइप करून दिलेला एक कागद आहे, कराडमध्ये रात्री-अपरात्री जो कुणी डॉक्टर भेटेल त्याच्यासाठी. आजाराचं नाव, जनुकाचं नाव. जास्त वेळ उपाशी ठेवू नये. ताप आल्यास त्याच दिवशी दाखल करावे, लॅक्टेट तपासावे. झटके आल्यास व्हॅल्प्रोएट देऊ नये. ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी थांबू नये. ताईने या शेवटच्या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या आहेत आणि खाली दोन मोबाइल नंबर लिहिलेत, आधी दाजींचा, मग स्वतःचा.